कार्डाला साजेल असा प्रोसेसर

संगणकावरचे खेळ म्हटले की आमच्या वर्गातल्या निम्म्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते आणि उरलेली निम्मी तास संपण्याची वाट पाहू लागतात. हा लेख दोघांसाठीही आहे. खेळणाऱ्यांना आपले पैसे नेमके कुठे घालावेत हे कळावे. आणि न खेळणाऱ्यांना, घरातला मुलगा किंवा भाऊ 'आता प्रोसेसर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही' असे म्हणत मागे लागला, तर त्याचे म्हणणे कितपत खरे हे तपासता यावे, एवढाच हेतू. कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या घरी हा प्रश्न यंत्राचा न राहता पैशाचा झाला, आणि पैशाचा प्रश्न सर्वच शाखांना सारखाच सुटत नाही!

पावसाळ्यात चिखलदऱ्याला पर्यटकांची रीघ लागते. त्या चार महिन्यांत माझा धाकटा भाऊ देवी पॉइंटच्या वाटेवर मक्याची कणसे भाजून विकतो. एका पावसाळ्याच्या कमाईतून त्याने 'आरएक्स ६६००' हे ग्राफिक्स कार्ड घेतले. दुसऱ्या पावसाळ्याची कमाई हातात होती. तिसऱ्या पावसाळ्यात बारावी असल्यामुळे कणसांचा गाडा लागणार नव्हता. म्हणजे पैसे खर्चायचे ते एकदाच. आणि कार्ड बसवूनही त्याची तक्रार अशी की, "ताई, कार्ड एवढं मोठं घेतलं, मंग गेम काहून अडकते?"

ह्या 'काहून'चे उत्तर समजायचे तर दोघांची कामे वेगळी करून पाहावी लागतात. शेतात रोडग्यांची पंगत असते तेव्हा एकजण कणीक मळून गोळे करीत असतो आणि विस्तवाभोवती दहाजण भाजायला बसलेले असतात. खेळ चालू असताना प्रोसेसर हा गोळे करणारा. कोणते पात्र कुठे उभे आहे, गोळी कुठे लागली, शत्रू आता कोणत्या बाजूने येईल, ह्याचा सारा हिशेब तो करतो आणि 'हे असे चित्र काढ' म्हणून कार्डाला सांगतो. कार्ड ते चित्र रंगवते. पडद्यावर १९२० गुणिले १०८० एवढे ठिपके असतील तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके भरावे लागतात. हे काम एकसारखे असल्यामुळे पुष्कळ हातांत वाटता येते. आरएक्स ६६०० मध्ये असे १७९२ लहान लहान हात आहेत. गोळे करणारा मंद असला तर भाजणारे हात चोळत बसतात. गोळ्यांचा ढीग पडला आणि भाजणारेच कमी, तर मळणारा बसून राहतो. पंगतीला उशीर दोन्ही वेळा होतो, पण उपाय मात्र निरनिराळे.

भावाच्या संगणकात 'रायझन ३ १२००' हा २०१७ सालचा प्रोसेसर होता. त्यात चार कोअर, म्हणजे हिशेब करणारे चारच हात. परंतु केवळ जुना म्हणून दोषी धरणे बरे नव्हे. चाचणी घ्यावी, आणि ती फुकट घेता येते. पडद्याच्या गतीशी फ्रेम बांधून ठेवणारी सोय खेळात असते, ती आधी बंद करायची आणि एकाच जागी, एकाच प्रसंगात दर सेकंदाला किती फ्रेम पडतात ते पाहायचे. मग ठिपक्यांची संख्या कमी करून, म्हणजे १२८० गुणिले ७२० वर आणून, पुन्हा पाहायचे. ठिपके निम्म्याहून कमी झाले म्हणजे कार्डाचे ओझे उतरले. आता फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची होती. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर गोळे करणाराच थकलेला आहे, असे खुशाल समजावे. आमच्या घरी 'काउंटर-स्ट्राइक २' मध्ये आकडा जागचा हलला नाही. 'सायबरपंक २०७७' मध्ये थोडा हलला, कारण त्या खेळात चित्र रंगवण्याचेच काम भारी आहे. कोणता खेळ खेळणार हे ठरल्याशिवाय कोणता प्रोसेसर घ्यावा हा प्रश्न अर्धवटच राहतो तो असा.

संगणकाचा टास्क मॅनेजर येथे पुष्कळांना फसवतो. त्यात प्रोसेसर ५०-६० टक्केच चालू दिसतो, मग तो अपुरा कसा, असा युक्तिवाद केला जातो. पण तो आकडा सर्व हातांची सरासरी असतो. एक कोअर शंभर टक्के घाम गाळीत असेल आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत असतील, तरी सरासरी कमीच दिसते. त्यापेक्षा कार्डाचा आकडा पाहावा. खेळ चालू असताना कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर आपले काम नीट करीत आहे; कार्डच साठ-सत्तरवर रेंगाळत असेल तर नाही.

फ्रेमच्या सरासरीचेही असेच. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यांतल्या पंचावन्न वेळेवर आल्या आणि एखाददुसरीने मध्येच शंभर मिलिसेकंद घेतले, की सरासरी बरी दिसते पण डोळ्यांना हिसका बसतो. वर्षाची हजेरी ७५ टक्के भरली म्हणून रोज वर्गात होतो असे होत नाही, हे आम्हा विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको. चार हातांच्या प्रोसेसरवर नव्या खेळांत हे हिसके फार बसतात. भावाची खरी तक्रार हीच होती. फ्रेम कमी पडण्याची नव्हतीच.

मग हात किती असावेत? दुकानदारांची वृत्ती 'जितके जास्त तितके चांगले' अशी असते. येथे मला आपल्याच वऱ्हाडचे एक नाव आठवते. 'परम' महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच अवाढव्य प्रोसेसर घेण्याऐवजी पुष्कळ लहान प्रोसेसर एका कामाला जुंपायचे, हे त्याचे तत्त्व. हवामानासारख्या गणितात काम वाटता येते, म्हणून ते तत्त्व फळते. पण प्रत्येक काम असे वाटता येत नाही. जीन अ‍ॅमडाल ह्या अमेरिकन अभियंत्याने १९६७ सालीच ह्याची मर्यादा दाखवून दिली होती. समजा, एखाद्या कामाचा ४० टक्के भाग असा आहे की तो एकामागून एक, एकाच हाताने करावा लागतो. तर चार हातांनी ते काम सुमारे १.८ पट वेगाने होईल, सहा हातांनी २ पट, आणि सोळा हातांनी फार तर २.३ पट. हात अगणित केले तरी अडीचपटीच्या पुढे मजल जात नाही. खेळातला हिशेब पुष्कळसा ह्याच जातीचा असतो. म्हणून खेळासाठी सोळा कोअर विकत घेणे म्हणजे एका चुलीसाठी सोळा आचारी ठेवणे होय. सहा कोअर, पण प्रत्येक चपळ, हे गणित परवडते.

आता निवडीकडे वळते. पहिला नियम माझ्या मते असा की, आहे त्या मदरबोर्डावर बसणारा प्रोसेसर आधी शोधावा. भावाचा बोर्ड 'बी-४५०' जातीचा, एएम-४ सॉकेटचा. ह्या सॉकेटचे वैशिष्ट्य असे की, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० सालच्या ५००० मालिकेपर्यंत चार पिढ्या त्यात बसतात. बोर्ड तोच, मेमरी तीच. नवा सॉकेट घ्यायचा तर बोर्ड नवा आणि बहुधा डीडीआर-५ मेमरीही नवी. आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव असे भडकले की जुनी जपून ठेवणे हीच कमाई ठरली.

त्या सॉकेटात तीन नावे समोर आली. 'रायझन ५ ३६००' हा २०१९ चा, जुन्या बाजारात स्वस्त मिळणारा. 'रायझन ५ ५५००' आणि 'रायझन ५ ५६००' हे दोघे २०२२ चे. तिघांनाही सहाच कोअर. मग फरक कशाचा? ५५०० आणि ५६०० ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण ५५०० मध्ये तिसऱ्या पायरीची कॅश मेमरी १६ मेगाबाइट आहे आणि ५६०० मध्ये ३२. कॅश म्हणजे मळणाऱ्याच्या हाताशी ठेवलेली परात. ती लहान असली की दर वेळी उठून कोठीत जावे लागते. खेळांत ह्या उठबशीचा फटका चांगलाच जाणवतो. ३६०० मध्येही ३२ मेगाबाइट आहेत, पण ते दोन वाट्यांत विभागलेले, आणि त्याचे कोअरही एक पिढी मागचे. आम्ही ५६०० ठरवला. ज्याचे कार्ड ह्याहून हलके असेल त्याने मात्र ३६०० घेऊन उरलेले पैसे खिशात ठेवावेत. तेथे ५६०० घेणे ही हौस झाली.

एका दुकानात भावाला सुचवले गेले ते वेगळेच. हा सगळा संच विका आणि जुना 'आय-७' घ्या! ह्या 'सात'च्या आकड्याचा आपल्याकडे मोठा दबदबा आहे. पण २०१३ चा कोअर आय-७ ४७७० आणि २०२२ चा कोअर आय-३ १२१००एफ, ह्या दोघांनाही कोअर चारच असून खेळांत आय-३ स्पष्टपणे पुढे जातो. आकडा आणि पिढी दोन्ही वाचावीत. ज्याच्याकडे डीडीआर-३ च्या काळातला इंटेलचा संच आहे, त्याने त्याच्यात पैसे न ओतता १२१००एफ किंवा सहा कोअरचा आय-५ १२४००एफ नव्या बोर्डासह घेतलेला बरा. त्याला डीडीआर-४ चे बोर्डही मिळतात.

आणखी एक गोष्ट, जिचा खेळाशी संबंध नाही पण पैशाशी आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझनची पहिली पिढी नाही. म्हणजे १२०० चा प्रोसेसर खेळ न खेळणाऱ्यालाही आज ना उद्या अडवणारच होता. वडिलांना पटले ते ह्या मुद्द्यावर. फ्रेम आणि हिसके त्यांनी केवळ ऐकून घेतले.

विजेचा हिशेबही करून ठेवावा. कार्डाला १३२ वॅट, प्रोसेसरला नावापुरते ६५ पण भर कामात थोडे अधिक; तेव्हा ४५० वॅटचा चांगल्या प्रतीचा वीजपुरवठा पुरतो. चांगल्या प्रतीचा हे शब्द महत्त्वाचे, कारण आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते आणि येताना सरळ येत नाही. हवेच्या बाबतीत मात्र चिखलदरेकर भाग्यवान. आम्ही सुमारे ११०० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा तिथल्या संगणकाचा पंखा गरम हवाच गरम यंत्रावर ढकलीत असतो. आमच्याकडे प्रोसेसरच्या खोक्यात आलेला लहान पंखा पुरला. म्हणून प्रोसेसर खोक्यासह घ्यावा. नुसता सुटा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत पंखा नसतो.

ह्या सगळ्यात खरी धाकधूक होती ती बायोसची. बोर्डाच्या पोटात एक लहानसा कार्यक्रम असतो. त्याला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून तो आधी अद्ययावत करावा लागतो, आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. ते चार-पाच मिनिटांचे काम. पण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याची भीती, आणि दुरुस्तीसाठी घाट उतरून परतवाडा, तेथे न जमल्यास अमरावती. दिवस आणि भाडे दोन्ही गेले. म्हणून यूपीएस पूर्ण भरलेला ठेवून, आभाळ मोकळे पाहून सकाळीच ते उरकले. माझ्या आजीने त्या वेळी देवापुढे दिवा लावला. त्याचा तांत्रिक उपयोग सिद्ध करता येणार नाही.

प्रोसेसर काढतानाची खुबी सांगण्याजोगी आहे. एएम-४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्याच अंगाला असतात. वर्षानुवर्षे वाळलेल्या पेस्टमुळे पंखा उचलताना प्रोसेसरही त्याला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. त्यासाठी संगणक आधी दहा मिनिटे चालवून गरम करावा, मग बंद करून, वायर काढून, पंखा सरळ न उचलता डावी-उजवीकडे हलके फिरवावा. पेस्ट सुटते. मेमरीची एकच पट्टी असेल तर त्याच प्रतीची दुसरी जोडावी. एकाऐवजी दोन रस्ते उघडतात आणि रायझनला त्याचा चांगला लाभ होतो. भावाला उरलेल्या पैशात जुन्या बाजारातली आठ जीबीची एक पट्टी मिळाली.

त्यानंतर तीच चाचणी, तोच प्रसंग. कार्ड आता ९५ च्या वर चालू लागले आणि हिसके गेले. भावाचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो, म्हणून फ्रेम त्याने ६० लाच बांधून टाकल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी' मलाही खेळून पाहता आला. त्याला एवढ्या प्रोसेसरची गरज नव्हती ही गोष्ट वेगळी.

जुना १२०० टाकून दिला नाही. अचलपूरला राहणाऱ्या आमच्या मावसभावाला टंकलेखनासाठी संगणक जुळवायचा होता, त्याला तो दिला. सोबत आमचे पूर्वीचे लहान ग्राफिक्स कार्डही द्यावे लागले, कारण १२०० च्या अंगात स्वतःचे चित्र दाखवण्याची सोय नाही. ५६०० मध्येही नाही, आणि इंटेलच्या ज्या नावाला शेवटी 'एफ' लागतो त्यातही नाही.