नरकाची मुदत

करी रोडच्या चाळींतील काही कुटुंबांत घरी मृत्यू झाला म्हणजे तेराव्यापर्यंत गरुडपुराण वाचण्याचा प्रघात अद्याप राहिला आहे. वैतरणी, यमदूत, रौरव आणि कुंभीपाक यांची त्यातील वर्णने ऐकून लहान मुले आईला बिलगतात, आणि थोरांनाही आपल्या हातून घडलेले काहीबाही आठवू लागते. ही वर्णने भीषण आहेत खरी, परंतु त्यांत एक दया दडलेली आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची नावे दिली आहेत, पण त्यांतील एकाही नरकात जीवाला कायमचे डांबून ठेवलेले नाही; भोग सरला की त्याची सुटका होते आणि तो पुन्हा जन्माला येतो. चित्रगुप्ताच्या दफ्तरात शिक्षेबरोबर तिची मुदतही नोंदलेली असते, असेच म्हणावे लागेल.

ख्रिस्ती धर्मातील अंतिम दंडाची परंपरागत कल्पना याहून भिन्न आहे, कारण तेथे न्यायाच्या दिवशी झालेला निवाडा फिरत नाही. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीने नरकासाठी ‘यमकोंड’ हा आपल्याच यमाचा शब्द घेतला. मराठी बायबलाला मात्र ‘दंडाज्ञा’ हा न्यायासनाकडचा शब्द जवळचा वाटला, आणि तिची अनंतता सांगण्यासाठी ‘सार्वकालिक’ हे विशेषण वापरावे लागले. आपल्याकडे असा निवाडा अगदीच अज्ञात होता असे नाही: तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी काही जीव ‘तमोयोग्य’ मानले, त्यांची गती अंधतमसात, आणि तेथून परत येणे नाही. हिंदू दर्शनांत हे मत एकाकीच राहिले.

रोजच्या बोलण्यात या शब्दांची धार बोथट झाली आहे. ‘नरकात जाशील’ ही धमकी आजी नातवाला सहज देते, ‘तुझं तळपट होवो’ हा शाप नळावरच्या भांडणात निघतो, आणि बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्यांनी काढलेल्या दिवसांना लोक ‘नरकयातना’ म्हणतात. हा शेवटचा प्रयोग मला अतिशयोक्त वाटत नाही. फक्त त्यात एक धोका आहे. नरक म्हटला की मागे पूर्वजन्मीचे पाप आलेच, आणि मग ज्याला यातना भोगाव्या लागतात त्याच्यावरच दोष येतो.

या युक्तिवादाचा सर्वांत क्रूर उपयोग अस्पृश्यतेसाठी झाला. पुराणांनी महापातक्यालाही मुदत दिली, परंतु समाजाने जन्मावरून दिलेल्या दंडाला मुदत नव्हती, फिर्यादीला जागा नव्हती, माफीचा तर प्रश्नच नव्हता. मुले, नातवंडे, पणतवंडे सगळीच त्यात बांधली गेली. ज्याला खरोखर अनंत अधोगती म्हणावे, ती आपण परलोकात नव्हे, गावकुसाबाहेर निर्माण केली होती. या दंडाला आव्हान मिळाले ते येथून जवळच; करी रोडच्या पुढचेच स्थानक परळ. तेथील दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ‘बहिष्कृत’ हा समाजाने मारलेला शिक्का त्यांनी संस्थेच्या नावातच घेतला, म्हणजे निवाडा देणाऱ्यालाच जाब देणे भाग पडावे.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या १७व्या कलमाने तो निवाडा रद्दबातल ठरला आहे. तरीही जो कोणी आजच्या दारिद्र्याला पूर्वकर्माचे फळ म्हणून मोकळा होतो, तो ती शिक्षा पुन्हा फर्मावतो, आणि तसे करण्याचा अधिकार कोणत्याही पुराणाने त्याला दिलेला नाही.