पाद्र्याच्या हातचा भक्तविजय

कर्जतला आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो. पुढे श्रावण लागला की तालुक्यातल्या गावोगावच्या देवळांत पोथी लागते. कुठे हरिविजय, कुठे भक्तविजय. संतचरित्रं सांगणाऱ्या भक्तविजयाचे कर्ते महिपती आपल्याच नगर जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. ही पोथी इंग्रजीत नेली ती मात्र ख्रिस्ती धर्म सांगायला आलेल्या एका अमेरिकन पाद्र्यानं. त्यांचं नाव रेव्हरंड डॉ. जस्टिन ॲबट.

ॲबटांचा नगरशी संबंध वडिलांपासूनचा. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं आणि थोड्याच वर्षांत एमॉस ॲबट तिथं दाखल झाले. त्यांचा मुलगा जस्टिन १८८१ मध्ये मिशनच्या कामासाठी मुंबईला आला आणि सुमारे तीस वर्षं राहिला. उपासना, शाळा, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाचं संपादन हे सगळं त्यानं केलं. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा त्यांचा पत्रव्यवहार चालला होता तो या ॲबटांशी. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला.

पण एवढ्यावर थांबणारा हा माणूस नव्हता. जुनं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. सुधागडच्या बाजूला नाडसूर आणि नेणवलीची बौद्ध लेणी अभ्यासकांपुढे आणणाऱ्यांत ते होते. शिलालेख, नाणी, हस्तलिखितं यांतलं त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं.

चर्चच्या इतिहासातलं त्यांचं मोठं काम १९२३ मधलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठी ओवी आणि अक्षरं परकी! लंडनला विल्यम मार्सडेनच्या संग्रहात ॲबटांना याच पुराणाची देवनागरी पोथी सापडली. रोमन पाठात जिथं पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द आहेत, तिथं या पोथीत संस्कृत शब्द येतात. ॲबटांनी जाहीर केलं की मूळ पाठ हाच. नंतरच्या अभ्यासकांना ते सरसकट पटलं नाही. कुणीतरी मागाहून संस्कृत शब्द घालून पोथी उतरवली असावी, असंही मत आहे. मला ॲबटांचा निष्कर्ष घाईचा वाटतो. पण पोथी उजेडात आली म्हणून तर वाद घालता आला, हेही खरं.

निवृत्तीनंतर ते न्यू जर्सीतल्या समिट गावी राहत होते. तिथं बसून त्यांनी ‘महाराष्ट्रातील संतकवी’ ही इंग्रजी ग्रंथमाला हाती घेतली. १९२६ मध्ये भानुदास, १९२७ मध्ये एकनाथ, १९२९ मध्ये बहिणाबाई, १९३० मध्ये तुकाराम, १९३२ मध्ये रामदास. यातली बरीचशी चरित्रं महिपतींच्या ग्रंथांतूनच घेतलेली. भक्तविजयाचं काम पंडित नरहर गोडबोले यांच्या सोबतीनं झालं.

भाषांतराची रीत पाहण्यासारखी आहे. गद्य साधं, आणि ओवीचा क्रमांक जागच्या जागी दिलेला. मूळ पोथी शेजारी ठेवून कुणीही ताडून पाहावं. देव जनाबाईबरोबर दळू लागतो, गोरा कुंभाराचं मूल चिखलात तुडवलं जाऊन पुन्हा जिवंत होतं. एखाद्या मिशनऱ्याला अशा ठिकाणी टीपा घालून खोडून काढायचा मोह झाला असता. ॲबट मात्र महिपती सांगतात तसंच सांगून पुढे सरकतात. या माणसानं आपला धर्म सोडला नव्हता, सोडायचा विचारही केला नसावा. तरी दुसऱ्याची श्रद्धा त्याच्याच तोंडून ऐकायची ही शिस्त त्या काळच्या मिशन वाङ्मयात विरळाच, आणि आजच्या आपल्या वादविवादांतही ती फारशी दिसत नाही.

१९३२ मध्ये ॲबट वारले. भक्तविजयाचे दोन्ही खंड १९३३ आणि १९३४ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात आले. ग्रंथमाला पुढे जे. एफ. एडवर्ड्स यांनी चालवली. बारावा खंड ज्ञानेश्वरांवरचा, १९४१ चा. दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदासनं १९८२ मध्ये भक्तविजयाचं भाषांतर पुन्हा छापलं. ज्याला मराठी येत नाही, असा वारकरी परंपरेचा अभ्यासक अजूनही पहिल्यांदा तेच उघडतो.