तेझुकांचा बुद्ध : कागदावरचा आणि पडद्यावरचा

तथागतांचे चरित्र सांगणारी बहुतेक पुस्तके लुंबिनीपासून सुरू होतात. जपानचे चित्रकथाकार ओसामु तेझुका (१९२८-१९८९) यांनी मात्र आपल्या ‘बुद्ध’ या चित्रकथेत आधी सशाची जातककथा सांगितली आणि तिथून ते थेट एका शूद्र गुलाम मुलाकडे वळले. चाप्रा त्याचे नाव. मालकाचे कापड पोहोचवायला निघालेल्या या पोराला वाटेत लुटतात. लुटणारा कोण, तर तत्ता नावाचा, त्याच्याहूनही खालचा समजला जाणारा अस्पृश्य मुलगा! कापड गेले म्हणून मालक चाप्राच्या आईला विकायला काढतो. सिद्धार्थाचा जन्म व्हायचा आहे, आणि वाचकाला आधी कळते की हा माणूस कोणत्या समाजात जन्माला येणार आहे.

चाप्रा आणि तत्ता ही दोन्ही पात्रे तेझुकांनी कल्पनेने घडवलेली आहेत, त्रिपिटकात ती सापडणार नाहीत. पण त्यांच्यावरचा अन्याय कल्पनेतला नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

जपानी चित्रकथेला मंगा म्हणतात. तेझुकांची ही मंगा १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे मासिकातून क्रमशः येत होती. इंग्रजीत तिचे आठ जाडजूड खंड आहेत. तिच्यावरून तोएई ॲनिमेशन या कंपनीने २०११ साली चित्रपट काढला, दिग्दर्शक कोझो मोरिशिता. २०१४ साली दुसरा भाग आला. एवढा मोठा ग्रंथ दोन तासांच्या पडद्यावर मावणार नाही, काटछाट होणारच. प्रश्न असा की कात्री कुठे चालली.

चाप्राला कात्री लागलेली नाही, ही गोष्ट आम्ही सर्वांत आधी नोंदवतो. हा मुलगा कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, आपली जात लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो, मोठा योद्धा म्हणून नाव काढतो. आणि एके दिवशी त्याची आई त्याला शोधत येते. आईला ओळख दिली तर सगळे गेले, न दिली तर आई गेली. शहरात खोली भाड्याने मिळावी म्हणून ज्यांनी आडनाव बदलून सांगितले आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. एखाद्या भित्र्या निर्मात्याने ‘बुद्धाच्या सिनेमात हे कशाला?’ म्हणत चाप्राला दोन मिनिटांत उरकला असता. इथे तो सिद्धार्थाच्या बरोबरीने उभा आहे.

मात्र काळाची उलटापालट केली आहे. मंगामध्ये सिद्धार्थ तान्हा असतानाच चाप्राची कथा संपते. चित्रपटात दोघे एकाच काळात तरुण होतात, एक महालात आणि एक छावणीत. मूळ कथेशी हे जुळत नाही, पण आम्हाला हा बदल पटला. दोन तासांत दोन जन्मांतले अंतर दाखवायचे तर दोघांना समोरासमोर आणणेच बरे.

खरे नुकसान वेगळ्याच जागी झाले आहे. तेझुका फार विनोदी माणूस. गंभीर प्रसंगाच्या मधेच ते आजच्या काळातली एखादी वस्तू आणून ठेवतात, कधी स्वतःच चित्रात डोकावतात. त्यामुळे बुद्ध देव्हाऱ्यात जाऊन बसत नाही, माणसांत राहतो. चित्रपटाने हा खट्याळपणा जवळजवळ पुसून टाकला. सगळे भव्य आणि गंभीर झाले.

दुसरे नुकसान त्याहून मोठे. पहिला चित्रपट गृहत्यागापाशी थांबतो. तीन भाग करण्याचा बेत होता, तिसरा काही आला नाही. म्हणजे जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे योग्य आहे काय, हा चाप्राचा प्रश्न पडद्यावर आला. त्याला तथागतांनी संघ उभारून दिलेले उत्तर कागदावरच राहिले. मुलांनी नुसता चित्रपट पाहिला, तर त्यांना दुःख दिसेल, धम्म दिसणार नाही.

आणि मूळ मंगाशी प्रामाणिक राहणे म्हणजे बुद्धाशी प्रामाणिक राहणे, असेही नव्हे. तेझुकांच्या कथेत तत्ता प्राण्यांच्या शरीरात शिरतो, ब्रह्मा म्हाताऱ्याच्या रूपाने येऊन सिद्धार्थाला वाट दाखवतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा ब्रह्मा कसा चालावा? गृहत्यागाचेही तसेच. मंगाच्या दुसऱ्या खंडाचे नावच वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या चार भेटींवरून ठेवले आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, ही गोष्ट बाबासाहेबांना पटली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये (१९५७) त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलियांमध्ये पेटलेला तंटा पुढे आणला. युद्धाला विरोध करणारा आणि त्यासाठी देशत्याग पत्करणारा सिद्धार्थ तिथे भेटतो. तो मंगात नाही, म्हणून चित्रपटातही नाही.

तरीही विहारात सुटीच्या दिवशी मुलांना हा चित्रपट दाखवावा, असेच आम्ही सुचवू. त्यात हिंसा बरीच आहे, म्हणून फार लहानांना बसवू नये. मंगाच्या खंडांत उघडी चित्रेही आहेत, तेव्हा आईवडिलांनी ते आधी स्वतः चाळावेत. चित्रपट संपल्यावर एखाद्या ताईने किंवा दादाने रोहिणीचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे आणि मुलांना विचारावे की यातला कोणता सिद्धार्थ खरा वाटतो, आणि का.