ध्रुवीय अस्वलाच्या रक्तात कोणाचे विष?

उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या ताब्यात स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे शेती नाही, पीसीबी बनविणारा एकही कारखाना कधी उभा राहिला नाही. तरीही तिथल्या पांढऱ्या अस्वलांच्या रक्तात आणि चरबीत पीसीबी हे विषारी रसायन मोठ्या प्रमाणात सापडले. ज्याने विष बनविले नाही, वापरले नाही, त्याच्याच अंगात ते का साठावे? हा प्रश्न केवळ प्राणीप्रेमींचा नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

पीसीबी १९२९ पासून कारखान्यांत बनू लागले. वीज कंपन्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते तेलासारखे वापरले जाई. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली, पण ते सहजासहजी नष्ट होत नाही. उष्ण प्रदेशात त्याची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती उत्तरेकडे जाते आणि थंडीत खाली उतरते. शेवाळातून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात असे ते चढत जाते. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते.

ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ब्यॉर्न मुनरो येन्सेन यांनी या प्राण्यांच्या संप्रेरकांचा अभ्यास केला आहे. संकट आले की शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते आणि प्राणी तग धरतो. स्वालबार्डच्या अस्वलांवरील २००४ मधील एका अभ्यासात या रसायनांचा आणि कॉर्टिसॉलच्या प्रमाणाचा संबंध आढळला. म्हणजे संकटाशी झुंजण्याची शरीराची यंत्रणाच बिघडण्याचा धोका! येन्सेन यांनी २००६ मध्ये इशारा दिला की, हवामानबदल आणि ही रसायने एकत्र आली तर ते ध्रुवीय प्राण्यांसाठी सर्वांत वाईट ठरू शकते. कारण उघड आहे. बर्फ वितळला की शिकार मिळत नाही. उपाशी अस्वलाची चरबी जळते आणि चरबीत दडलेले विष रक्तात उतरते. मादी तर गुहेत महिनोन्महिने उपाशी राहून पिलांना पाजते. पिलाच्या वाट्याला आईच्या दुधाबरोबर हे विषही येते.

आणि ही गोष्ट अस्वलापाशी थांबत नाही. कॅनडातील क्युबेक प्रांताच्या उत्तरेला नुनाविक येथे इनुइट लोक राहतात. सील, व्हेल, मासे हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. १९८० च्या दशकात एरिक देवाई या डॉक्टरांनी तिथल्या मातांचे दूध तपासले. दक्षिण क्युबेकमधील मातांच्या तुलनेत त्यात पीसीबी सुमारे पाचपट निघाले. नफा कोणाचा आणि भोग कोणाचे!

इनुइट लोक दयेची याचना करीत बसले नाहीत. शीला वॉट-क्लुटिए यांच्यासारख्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आपली बाजू मांडली. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, २००४ मध्ये तो अमलात आला. या विषांचा धोका ध्रुवीय प्रदेशाला आणि तिथल्या मूळनिवासींना विशेष आहे, हे कराराच्या प्रास्ताविकेतच नमूद आहे. बंदीचा परिणामही दिसला. स्वालबार्डच्या अस्वलांमध्ये १९९८ च्या तुलनेत २००८ मध्ये पीसीबी बरेच कमी झाले होते. कायदा केला आणि पाळला तर विष हटते, याचा हा पुरावा आहे. मात्र अमेरिकेने या करारावर सही करूनही त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्या देशाने २००६ मध्ये करार मान्य केला. पण एंडोसल्फानवर जागतिक बंदीचा प्रस्ताव आला तेव्हा भारत सरकार विरोधात उभे राहिले. हेच कीटकनाशक केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारले गेले आणि पिढ्या बाधित झाल्या. ध्रुवावरच्या हवेतही ते सापडले. अखेर २०११ मध्ये जिनिव्हात काही सवलतींसह जागतिक बंदी ठरली, सर्वोच्च न्यायालयानेही देशात बंदी घातली. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला केरळ सरकारला फटकारावे लागले, कारण बहुतेकांच्या हाती पैसा पडलाच नव्हता.

१९९६ च्या वेल्लोर निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, आपल्या कृतीने पर्यावरणाला अपाय होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकाची आहे आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. परंतु व्यवहारात आजही आजारी माणसालाच पुरावा मागितला जातो. एका रसायनावर बंदी आली की दुसरे बाजारात येते आणि नव्या पीडितांची मोजदाद सुरू होते.

म्हणून मागणी एकच असली पाहिजे. आधी सुरक्षिततेचा पुरावा, मगच विक्री. आणि निर्णय जिथे होतो त्या टेबलाशी बाधितांची खुर्ची. इनुइटांनी ती मिळविली, म्हणून जगाला त्यांचे ऐकावे लागले.