वसंतातला बर्फ आणि कंपासपेटीतले गुण्ये



एप्रिल-मेची सुट्टी लागली की आपल्याकडची कितीतरी मुलं हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकला जातात. स्वेटर, टोपी, गोळ्या-औषधं आपण आठवणीने भरतो. पण 'बर्फाचा उतार किती वाजता ओलांडणार?' हे फारसं कुणी विचारत नाही. तेच आधी विचारायला हवं.

अनेकांना वाटतं, थंडी संपली, बर्फ वितळतोय, म्हणजे धोका टळला. तसं नसतं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भर दिवसा हिमस्खलन झालं. सात पर्यटकांचा जीव गेला. म्हणजे धोका फक्त शिखर चढणाऱ्यांनाच असतो असंही नाही. उताराच्या पायथ्याशी सपाट जागी उभा असलेला माणूसही त्यात सापडतो.

असं का होतं?

रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा वरचा थर गोठून कडक होतो. सकाळी त्यावरून चालता येतं. ऊन चढलं की वितळलेलं पाणी कणांमध्ये झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि थर घसरतो. ओला बर्फ फार जड असतो. एका घनमीटरचं वजन ४०० किलोच्याही वर जाऊ शकतं. म्हणून जो उतार सकाळी सहाला सुरक्षित असतो, तोच दुपारी बाराला धोक्याचा होतो. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, नंतर पश्चिमेकडचे. रात्रभर ढग राहिले आणि बर्फ गोठलाच नाही, तर मात्र सकाळही भरवशाची नाही.

वर्गात कसं दाखवाल?

कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये काढा. एकाचा सगळ्यात लहान कोन ३०°, दुसऱ्याचा ४५°. बहुतेक मोठी हिमस्खलनं या दोन कोनांच्या मधल्या उतारांवरच सुरू होतात. लिहायच्या पॅडवर खडबडीत कागद लावा, त्यावर कोरडी वाळू पसरा आणि एक कड हळूहळू उचला. वाळू कधी घसरते ते मुलांना कोनमापकाने मोजू द्या. वाळूचे कण सुटे असतात, बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात, हा फरकही सांगा. ती पकड कधी सुटेल हे नुसतं बघून कळत नाही, हीच खरी अडचण.

डोंगरात काय पाळायचं?

- पहाटे निघा, ऊन तापायच्या आत उतार ओलांडा.
- पाय घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे गडगडत येऊ लागले, तर मागे फिरा.
- नवा बर्फ पडल्यावर लगेच घाई नको. एप्रिलमध्येही हिमालयात बर्फ पडतो.
- धोक्याच्या उतारावरून एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवायचं. नाळेच्या तोंडाशी फोटोसाठी थांबायचं नाही.
- कुणी गाडलं गेलं तर शेवटचं कुठे दिसलं ती जागा लक्षात ठेवून लगेच शोध सुरू करायचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची. घसरून आलेला बर्फ थांबला की घट्ट बसतो, नुसत्या हातांनी उकरत नाही. म्हणून अशा वाटेवर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं लागतं.

डीआरडीओची चंडीगढमधली डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज कोण बघणार, हे आयोजकांना विचारा.

पालकहो, पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचाराच. बर्फ किती वाजता ओलांडणार? हवामान बिघडलं तर कुठून परतणार? मागे फिरायचा निर्णय कोण घेणार? उत्तर 'ते तिथे गेल्यावर बघू' असं आलं, तर त्या ट्रेकला मुलाला पाठवू नका.