हिंगोलीकरांचे पुणे

स्थलांतर म्हटले की डोळ्यांसमोर बहुधा परराज्यातून आलेला मजूर उभा राहतो. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेने मोजलेल्या सुमारे ४५ कोटी स्थलांतरितांपैकी बहुसंख्य लोक आपल्याच राज्याच्या हद्दीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेले होते, आणि त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. अशा हालचालीला राज्यांतर्गत स्थलांतर म्हणतात. भाषा तीच, सरकार तेच आणि कागदपत्रेही तीच असल्यामुळे ते तुलनेने सोपे असावे, असा सर्वसाधारण समज आहे. हिंगोली जिल्ह्यातून पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या माणसांची पहिली काही वर्षे पाहिली, तर हा समज फारसा टिकत नाही.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ११ लाख ७७ हजार होती आणि त्यांपैकी जेमतेम १५ टक्के लोक शहरांत राहत होते. मराठवाड्यातील प्रत्येक स्थलांतराचे कारण दुष्काळात शोधण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण हिंगोलीत बीड किंवा धाराशिवपेक्षा अधिक पाऊस पडतो, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी वसमत तालुक्याच्या शिवारात खेळते, आणि वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अडचण वेगळीच आहे. कोरडवाहू शिवारात सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघाले की हाताला काम उरत नाही, वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे लहान झालेले आहेत, तणनाशकाने निंदणीची आणि यंत्राने मळणीची मजुरी कमी केली आहे, आणि शेतीबाहेर रोजगार देईल असा मोठा उद्योग जिल्ह्यात नाही. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहत आहे, ही अभिमानाची गोष्ट असली, तरी तिच्यामुळे सेनगावच्या शेतमजुराचा नोव्हेंबर ते मे हा काळ भरून निघणार नाही.

या रिकाम्या काळातून दोन वाटा फुटतात. पहिली हंगामी स्थलांतराची, म्हणजे ठरावीक महिने बाहेर काढून परत येण्याची. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघते. या जोडीला कारखान्याच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणतात आणि उचल फिटेपर्यंत तिला काम सोडता येत नाही. दुसरी वाट शहराची आहे. ती धरणाऱ्यांमध्ये उचलीच्या फेऱ्यातून सुटू पाहणारी तरुण जोडपी असतात, तशीच बारावी किंवा पदवीपर्यंत शिकल्यामुळे शेतमजुरी नकोशी झालेली मुलेही असतात. मात्र शहराची वाट धरली म्हणून गावाचे वेळापत्रक सुटत नाही. फेब्रुवारीपासून हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे सुरू झाले की घरची हळद असलेला माणूस पुण्यातले काम टाकून काही आठवडे गावी जातो. ठेकेदार त्याला बेभरवशाचा म्हणतो. पण दोन्हीकडचे उत्पन्न जोडल्याशिवाय ज्या कुटुंबाचे भागत नाही, त्याच्या दृष्टीने हाच सर्वांत सावध हिशेब असतो.

ई. जी. रॅव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८८५ साली इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले होते. बहुतेक माणसे जवळच्या ठिकाणी जातात आणि मोठ्या शहरापर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचतात, हा त्यांचा गाभा होता. हिंगोलीच्या बाबतीत नांदेड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूजची औद्योगिक वसाहत हे असे टप्पे होत. परंतु या नियमांत इतिहासाला फारशी जागा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि नोकरीसाठी येथील माणूस हैदराबादकडे पाहत असे. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. कोकणातील आणि घाटावरील माणसे त्याआधी कितीतरी वर्षे मुंबईच्या गिरण्यांत स्थिरावली होती. गावकीने मिळून घेतलेले गाळे, पाळीपाळीने झोपण्याची सोय आणि बायकांनी चालवलेल्या खानावळी अशी त्यांची पक्की व्यवस्था होती, आणि या खानावळवाल्या स्त्रियांमधूनच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. हिंगोलीकर उशिरा आला. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याची संख्या वाढू लागली, तेव्हा कारखान्यातील कायम नोकरीची जागा कंत्राटी कामाने घेतली होती, आणि कायम कामगाराच्या भोवती उभी राहणारी संघटना, पतपेढी किंवा वसाहतही त्याच्या वाट्याला आली नाही.

ही उणीव भरून काढली ती पाहुण्यांनी. मराठवाड्यात पाहुणा म्हणजे केवळ घरी आलेला माणूस नव्हे. सोयरे, भावकीतले, बहिणीच्या सासरचे असे सगळे नातेवाईक त्यात येतात. गावातून निघालेला तरुण रात्रभर ‘ट्रॅव्हल्स’ने प्रवास करून सकाळी उतरतो तो अशाच कोणाच्या तरी खोलीवर. आधी गेलेल्यांच्या आधाराने नंतरचे जाण्याच्या या प्रकाराला साखळी स्थलांतर म्हणतात. पाहुण्याच्या खोलीवर पहिला महिना भाडे नसते, जेवण सामाईक असते, आणि भोसरी किंवा चाकणच्या कोणत्या ठेकेदाराकडे माणसे हवी आहेत, कोण पगार बुडवतो, कोणत्या सोसायटीला रात्रपाळीचा वॉचमन पाहिजे, ही माहिती तेथेच मिळते. अनामत रकमेची अट असलेली स्वतंत्र खोली नवख्याला परवडत नसल्याने चार-पाच जण मिळून एक खोली घेतात. वेगवेगळ्या पाळ्यांत काम असले तर एवढ्याशा जागेतही निभावते. तांड्यावरून आलेली बंजारा कुटुंबे बांधकामावर गेली, तर अनेकदा एकाच तांड्याची माणसे एकाच ठेक्यावर असतात आणि पत्र्याच्या झोपड्यांची ओळ जवळजवळ गावासारखीच लागते.

ज्याला असा पाहुणा नाही, तो मजूर अड्ड्यावर उभा राहतो. वारजे किंवा दांडेकर पुलासारख्या ठिकाणी सकाळी माणसे जमतात. बांधकामाचे मुकादम, घरमालक आणि रंगकामवाले तेथे येऊन त्या दिवसापुरती मजुरी ठरवतात. येथे पहिले शिक्षण भावाचे असते. गवंड्याची मजुरी बिगाऱ्यापेक्षा अधिक असते, आणि बिगारी म्हणजे विटा, वाळू, सिमेंट उचलणारा अकुशल मजूर. सेंट्रिंग, फरशी किंवा प्लंबिंगचे काम हाताला लागले की माणूस अड्डा सोडून एखाद्या मिस्त्रीच्या कायम टोळीत जातो, आणि शहरात टिकण्याच्या दृष्टीने ही पायरी पहिल्या नोकरीपेक्षाही महत्त्वाची ठरते.

पाहुण्यांच्या जाळ्याचे गोडवे गाताना त्याची मर्यादा सहसा विसरली जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नव्या कामाची खबर अनेकदा जिवलगांकडून नव्हे, तर तोंडओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. वॉचमनच्या खोलीवर उतरलेला मुलगा वॉचमनच होतो, यामागचे कारण हेच. शिवाय ज्याने पहिला महिना सांभाळले, त्याने लावून दिलेली नोकरी सोडणे म्हणजे उपकार विसरणे ठरते, आणि त्याची वाच्यता दोन दिवसांत गावापर्यंत होते. जातीची आणि भावकीची उतरंडही खोलीसोबत शहरात येते. ज्यांच्याकडे गावातही सत्ता किंवा जमीन नव्हती, त्यांचे शहरातले पाहुणेही तितकेच हलाखीत असतात.

शिक्षणासाठी येणाऱ्यांची सोय त्या मानाने आधी झाली. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली १९६७ साली पुण्यात मराठवाडा मित्र मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्यातून महाविद्यालये उभी राहिली. आज सदाशिव पेठ आणि नवी पेठेत कॉट भाड्याने घेऊन, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतील एक खुर्ची यांवर स्पर्धा परीक्षेची वर्षे काढणाऱ्या मुलांमध्ये मराठवाड्याची मुले लक्षणीय आहेत. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली तेव्हा नवी पेठेत जो उद्रेक झाला, त्यामागे गावाकडून दर महिन्याला येणाऱ्या पैशांची विवंचना होती.

घरातली बाई पुण्यात आली की कुटुंब खऱ्या अर्थाने शहरात आले, असे म्हणायला हरकत नाही. निंदणी-वेचणीची मजुरी करणारी स्त्री येथे धुणीभांडी, स्वयंपाक किंवा हाऊसकीपिंगचे काम धरते. तिचा पगार लहान असला तरी तो दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत असल्याने खोलीभाडे बहुधा त्यावरच चालते. मुलाला शाळेत घालताना दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे ठाऊक नसल्यामुळे मुले आजी-आजोबांकडे गावीच ठेवली जातात, आणि आई-बाप शहरात व मुले गावात असा संसार वर्षानुवर्षे चालतो.

शासनाच्या दृष्टीने मात्र हा माणूस नीटसा दिसतच नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२० साली संमत झालेली संहिता, या दोहोंच्या व्याख्येत राज्याची सीमा ओलांडणे आवश्यक आहे. म्हणजे हिंगोलीहून निजामाबादला गेलेला मजूर त्या व्याख्येत येऊ शकतो, पण त्याच्या दुपटीहून अधिक दूर पुण्याला गेलेला येत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली तर शिष्यवृत्ती, अपघाती मदत असे लाभ मिळतात, परंतु त्यासाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि अड्ड्यावर रोज मालक बदलणाऱ्या बिगाऱ्याला ते देणार कोण, हा प्रश्न असतो. शिधापत्रिका आता दुसऱ्या गावीही चालते, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. मतदार यादीत नाव गावातच असल्याने शहरातल्या नगरसेवकाला अशा लोकांच्या वस्तीत फारसे स्वारस्य नसते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मात्र उमेदवार गावाहून गाड्या पाठवतात आणि अशा वेळी एकेका मताला भलतीच किंमत येते.

पिंपरी-चिंचवडमध्ये जन्मलेली पुढची पिढी बोलीने आणि वागण्याने पुणेकर झालेली असते, पण तिचा गावाशी संबंध सर्वांत तीव्रपणे येतो तो जातीच्या दाखल्यापाशी. त्यासाठी कुटुंबाच्या पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. अकरावीच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशाआधी वडील रजा टाकून कळमनुरीला किंवा सेनगावला जातात, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधतात, आणि शाळेत तो नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात निजामकाळातले उर्दू किंवा मोडीतले कागद वाचू शकणारा माणूस गाठतात.