जुन्या गाडीचं ऑइल गळतंय?

वसई-विरारच्या पावसाळ्यात उघड्यावरच्या गाडीखालचा तेलाचा डाग वाहून जातो आणि गळती लक्षात येत नाही. म्हणून पावसाने उघडीप दिली, की रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा.

क्रँकशाफ्ट इंजिनाबाहेर येतो तिथे रबराचं ऑइल सील असतं. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं, पकड सुटते. पण दोष नेहमी सीलचाच नसतो. ब्रीदरची नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, की आतला दाब तेल बाहेर ढकलतो. ही नळी किंवा व्हॉल्व्ह साफ न करता घातलेलं नवं सीलही गळू शकतं. तेल खाली ओघळतं, म्हणून मेकॅनिकला इंजिन आधी पुसून, थोडं चालवून सर्वांत वरचा ओला भाग शोधायला सांगा. पुष्कळदा टॅपेट कव्हरचं स्वस्त पॅकिंगच गेलेलं असतं.

मागच्या क्रँक सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो; सील स्वस्त, मजुरी मोठी. त्याच वेळी क्लच प्लेटही पाहून घ्या. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही: त्यांनी रबर तात्पुरतं मऊ होतं, झिजलेली कड भरून येत नाही.

वसई फाट्यावरून अहमदाबाद महामार्गाला लागण्याआधी डिपस्टिक पाहा. वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा.